बूच सुटलेली वही

१

"मघाशी इथंच होती," असे चार माणसे एका सुरात म्हणाली, की त्यांतले एक तरी खोटे बोलत असते, हे मावशीने नोकरीत शिकून घेतले होते. तीस वर्षे ती विमा कंपनीसाठी बुडालेल्या, जळालेल्या नि खडकावर आपटलेल्या बोटी तपासत होती. ती निवृत्त झाली, पण तिची नजर काही निवृत्त झाली नाही.

आता ती नजर टेबलावर खिळली होती. टेबलावर चहाचे पाच कप होते, चष्म्याचे घर होते आणि त्या दोहोंच्या मधे वहीच्या आकाराची रिकामी जागा होती.

ती निळी वही शेडमधल्या जुन्या वॉटर स्कूटरची होती. यंत्र किती तास चालले, कधी उघडले, काय बदलले, सगळे गॅरेजच्या मिस्त्रीने स्वतःच्या हाताने त्यात लिहिले होते. मावशीची जेमतेम चार पाने वाचून झाली होती. खरी भानगड नेहमी शेवटच्या पानांत असते.

"एका वहीचं एवढं काय?" स्कूटरचा मालक म्हणाला. त्याला सगळे कप्तान म्हणत. "यंत्र समोर उभं आहे ना? बघून घ्या."

"कागद नाही त्याला होकार नाही," मावशी म्हणाली. "वही सापडली नाही तर मी हे यंत्र नाकारणार. नवं तर नवं, थांबावं लागलं तरी."

"तुम्ही काय ते नाकारा, पण मला आधी घरी जायचंय," नव्या स्कूटर विकणारा शोरूमवाला कपाळ पुसत म्हणाला.

घरी कोणीच जाऊ शकत नव्हते. हे गॅरेज पिंपांवर तरंगणारी पत्र्याची शेड होती. धक्क्याला जोडणारा लाकडी पूल वीस मिनिटांपूर्वी मोडून पाण्यात लोंबत होता. वारा पडेपर्यंत एकही लाँच सोडणार नाही, असे बंदरातून फोनवर सांगितले होते. किमान तीन तास.

"म्हणजे वही इथंच आहे," मावशी म्हणाली, "आणि ती घेणाराही."

२

सकाळी निघताना मावशीला तिच्या बहिणीने दारातच अडवले होते. "नवं की जुनं, मला त्यातलं काही कळत नाही. पण त्यावर बसून माझी पोरगी लाटांत जाणार आहे. आत गेल्यावर ते बंद पडलं तर..." मावशीने तिला पुढे बोलू दिले नाही.

ही पोरगी म्हणजे मासोळी. नीट चालता येण्याआधी पोहायला लागली म्हणून घरात पडलेले नाव. आता ती सव्वीस वर्षांची होती आणि गावच्या किनाऱ्यावर जीवरक्षक होती. गेल्या हंगामात तिच्या डोळ्यांदेखत एक माणूस बुडाला. "बोट हळू होती," एवढेच ती तेव्हा म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटले. वल्ह्यांची बोट हळूच असते.

बुडालेल्याची बायको शाळेत शिकवायची. शाळेच्या बाईंनी आपले दुःख गिळले, किनारा समितीचे अध्यक्षपद घेतले आणि ठराव करून घेतला: जीवरक्षकाला वॉटर स्कूटर मिळाल्याशिवाय पोहणाऱ्यांना किनारा उघडायचा नाही. नवी स्कूटर यायला तीन महिने, म्हणजे हंगाम उलटल्यावर. कप्तानची जुनी आजच मिळत होती, म्हणजे सोमवारी किनारा खुला. कुठली घ्यायची ते समितीने मावशीवर सोपवले होते.

मावशी आणि मासोळी पोचल्या तेव्हा मिस्त्री चहा ओतत होता. त्याच्या गॅरेजात एक गंमत होती. किल्ल्या, पाने, पक्कड, चष्मा, जे जे हातातून निसटू शकते त्या प्रत्येकाला दोरीने एक मोठे बूच बांधलेले. निळ्या वहीच्या पुठ्ठ्यालाही मुठीएवढे बूच लोंबत होते.

"पाण्यावर धंदा करायचा तर सगळं तरंगलं पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "माणूस सोडून. माणसाला पोहता येतं असं धरून चालतो."

कप्तानला त्यावर ठसका लागला.

बुचांच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेला मिस्त्री दोरखंडांच्या बाबतीत मात्र अगदीच गबाळा होता. जागोजागी ढीग. मासोळीने बोलता बोलता दारातला एक दोर उचलला, अंगठा आणि करंगळीवर फुल्या घालत गुंडाळला, टोक आत खोचले आणि खिळ्याला अडकवला.

"घरात इस्त्रीची वायरसुद्धा सुटत नाही हिच्या हातून," मावशी हसून म्हणाली.

"पाय अडकतो कुणाचातरी," मासोळी म्हणाली.

मग मावशी वही घेऊन बसली, आणि चौथे पान उलटते तोच बाहेर कडाडकन आवाज झाला. सगळे फळ्यांच्या कठड्याकडे धावले. पूल मोडला होता आणि शेड एका बाजूने सुटून हेलकावत होती. मिस्त्री आणि कप्तान एकाच दोराला लोंबकळून तिला ओढू लागले. शोरूमवाल्याने मावशीचा दंड असा धरला की रक्त थांबावे. मासोळीने आतून लाइफ जॅकेटे आणून एकेकाच्या गळ्यात घातली. शेड पुन्हा जखडली गेल्यावर मिस्त्री वीज बंद करायला आत जाऊन आला, कप्तान पाणी प्यायला, आणि शोरूमवाला आपली बॅग आणायला.

सगळे आत परतले तेव्हा वही नव्हती.

३

झडती घ्यायची ठरली. पत्रे तापून आत भट्टी झाली होती. पेट्रोलचा वास नाकात बसला होता आणि दार उघडावे तर पाण्याचा मारा आत येत होता. सगळ्यांनी जॅकेटे काढून कोपऱ्यात टाकली. मासोळीने तेवढे काढले नाही. पाण्यावर असताना काढायचे नाही अशी तिची शिस्त.

तिघा पुरुषांनी खिसे उलटे करून दाखवले. कपाटे, खण, कप्तानची पिशवी, शोरूमवाल्याची बॅग मासोळीने स्वतः उचकली. हाती काही लागले नाही.

"पाण्यात फेकली असेल," शोरूमवाला म्हणाला.

"बूच आहे तिला," मिस्त्री गुरगुरला. "फेकली तर तरंगेल. आणि वारा आपल्याकडे येतोय. जाऊन जाऊन जाईल कुठं? इथंच पिंपांना येऊन चिकटेल."

मावशीने कठड्याला धरून चारही बाजू पाहिल्या. पिंपांशी एक प्लास्टिकची बाटली आणि एक फाटकी चप्पल तेवढी डुचमळत होती.

मग तिने एकेकाला नव्या स्कूटरच्या आडोशाला बोलावले. नवी स्कूटर नमुना म्हणून तिथे ठेवली होती, नवरीसारखी प्लास्टिकात गुंडाळलेली.

कप्तान आला तो दोन्ही हातांनी भिंत धरतच. नाव कप्तान, गळ्यात शिट्टी, टोपीवर नांगर. प्रत्यक्षात तो एका लॉजचा मालक होता.

"का विकताय?"

"यापेक्षा मोठी घ्यायचीय."

"तुम्हाला पोहता येतं का हो?"

कप्तानने दाराकडे पाहिले. शेड हेलकावली तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या बायकोला सांगू नका," तो पुटपुटला. "दोन वर्षांत नऊ वेळा बसलो असेन. तेही कमरेएवढ्या पाण्यात. टोपी घालून फोटो काढले, तेच लॉजवर लावलेत."

मिस्त्री आला तो आधीच तापलेला. "माझी वही मी चोरेन? मावशी, त्यात माझं अक्षर आहे. या बंदरात माझी वही म्हणजे शब्द मानतात लोक. उद्या कळलं की मिस्त्रीच्या टेबलावरून वही गायब होते, की संपलंच माझं."

शोरूमवाला मात्र गोडबोल्या. "मी काय म्हणतो, मावशी, जुन्याच्या नादी लागूच नका. नवं ते नवं. कोरं. कसली भानगड नाही, कसला इतिहास नाही."

तो बोलत असताना मावशीने नव्या स्कूटरचे प्लास्टिक सहज वर उचलले. हँडलला एक चिठ्ठी बांधली होती, अक्षरे आतल्या बाजूला वळवून. मावशीने ती सरळ केली आणि शोरूमवाल्याचे बोलणे मध्येच तुटले.

४

चिठ्ठीवर 'विकली' असे लिहिले होते.

"ही दुसऱ्याची आहे," शोरूमवाला खाली बसला. त्याचा गोडवा उतरला होता. "आणि पुढची कधी येईल, देव जाणे. कारखान्यातून कुणी उत्तरच देत नाही. तीन महिने म्हणून मी वेळ मारून नेली. समितीने हो म्हटलं असतं तर मी तोंड कुठं लपवलं असतं? खरं सांगतो, तुम्ही कप्तानची घेतलीत तर माझी सुटका आहे."

मावशीने हे ऐकून घेतले आणि ती जुन्या स्कूटरकडे वळली. वही बोलत नव्हती, तर यंत्राला बोलते करायचे. नाहीतरी तीन तास या तापल्या डब्यात बसून दुसरे करायचे काय?

तिने मिस्त्रीला बैठक काढायला लावली. तेलाची कांडी पुसून पुन्हा बुडवली. पाणी शिरले असते तर तेल दुधाळ झाले असते; हे मधासारखे स्वच्छ होते. सिलिंडरचे दाब मोजले, एकाला झाकावे नि दुसऱ्याला काढावे इतके सारखे. मागून पाण्याचा झोत फेकणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरून तिने बोट फिरवले. एकही खाच नव्हती. खारे पाणी जिथे हटकून राहते त्या सांध्यांत गंज नव्हता. कुठल्याच स्क्रूच्या डोक्यावर चोरून उघडल्याचा ओरखडा नव्हता. माणूस कितीही शपथा घेवो, स्क्रूचे डोके खोटे बोलत नाही.

तासाभराने ती हात पुसत उठली. कमरेत कळ आली होती, पण मनात एक विचित्र शंका उभी राहिली होती.

"यंत्र उत्तम आहे," ती म्हणाली. "म्हणजे वहीतही सगळं चांगलंच लिहिलेलं असणार. मग कप्तानला ती लपवायचं कारण नाही. मिस्त्रींना तर नाहीच नाही. आणि शोरूमवाल्यांना हा सौदा मोडायचा नाही, उलट व्हायला हवाय."

"मग काय वही उडून गेली?" मासोळी कोपऱ्यातून म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"ते मला सांगू नका!" कप्तान एकदम भडकला. एवढा वेळ दबलेली त्याची भीती आता रागाच्या वाटेने बाहेर पडली. "वही यांची, गॅरेज यांचं, चाव्या यांच्या. या मिस्त्रीनेच काहीतरी केलंय. माझा सौदा बुडाला तर बंदरभर सांगेन मी!"

मिस्त्रीने हातातला पाना उचलला.

५

"खाली ठेवा तो," मावशी म्हणाली, आणि आवाज असा होता की मिस्त्रीने मुकाट ठेवला. पाना ठेवताना नट-बोल्टांचा पत्र्याचा ट्रे कलंडला, आणि त्यातून एक मोठे बूच घरंगळत मावशीच्या पायाशी आले.

"हे वहीचं!" मिस्त्री म्हणाला.

म्हणजे वही बुडेल अशी करून ठेवली होती. मावशीने बूच उचलले. दोरी कापलेली नव्हती. मिस्त्रीची ओल्याने फुगलेली गाठ कुणीतरी सफाईने सोडवली होती. कप्तानने ती दाताने तोडली असती, शोरूमवाल्याने कात्री शोधली असती आणि मिस्त्रीने सोडवून तशीच फेकली असती.

ही दोरी फेकलेली नव्हती. वीतभर दोरी, पण फुल्या घालत गुंडाळलेली, आणि तिचे टोक आत खोचलेले.

मावशीने मूठ मिटली. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा. तिघांचे खिसे तिने उलटे करायला लावले, तळाचे खणही उपसले, आणि उपसायला कुणाला सांगितले? घरच्या माणसाची झडती कोणी घेत नाही. तिनेही घेतली नव्हती. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बंद केलेले ते जॅकेट ती दोन तास बघत होती, आणि शिस्त म्हणून मनातल्या मनात कौतुकही करत होती.

जॅकेटे आणायला सगळ्यांत आधी, एकटी आत कोण गेली होती? कागद नाही त्याला होकार नाही, हे मावशी या तिघांसमोर बोलली ती वही गेल्यानंतर. त्याआधी ते एकाच माणसाला ठाऊक होते. लहानपणापासून. भाचीने बाहुलीचा केसपेपर लिहून आणल्याशिवाय मावशी बाहुली तपासायची नाही, तेव्हापासून.

आता इकडे आड नि तिकडे विहीर. गप्प बसावे, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. मिस्त्रीचा शब्द बंदरातून उठेल. बोलावे, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. पत्रे थडथडत होते आणि चारही बाजूंना पाणी होते. बहिणीला परत जाऊन काय सांगायचे?

"काय सापडलं?" कप्तानने विचारले.

६

मावशीने बूच टेबलावर ठेवले, रिकाम्या जागेच्या बरोबर मधोमध.

"या तिघांपैकी कुणीही वही घेतलेली नाही," ती म्हणाली. "हे मी लिहून द्यायला तयार आहे. मिस्त्रींच्या नावाला बट्टा लावेल त्याने आधी माझ्याशी बोलायचं. यापुढे मी एक अक्षर बोलणार नाही."

ती खुर्चीत बसली आणि तिने भाचीकडे पाहिले नाही. तेवढे तिला जमले.

मासोळी मात्र बुचाकडेच बघत होती. आपल्याच बोटांनी आपली चहाडी केली, हे तिला तेव्हा कळले. मग जॅकेटच्या पट्ट्या सुटल्याचा आवाज झाला. घामाने भिजलेली निळी वही तिने बुचाशेजारी ठेवली.

"बुडवणार होते," ती म्हणाली. "म्हणून बूच सोडलं. मग मिस्त्रींचं अक्षर दिसलं, एवढं नीट, कोरून काढलेलं. फेकवेना."

"पण का गं पोरी?" मिस्त्रीने विचारले. रागवायचे तो विसरूनच गेला होता.

"जुनी घेतली असती तर सोमवारीच मला त्यावर बसावं लागलं असतं. वही नसली की मावशी नवी घ्या म्हणणार. तीन महिने तरी मिळाले असते." "मावशी, त्या दिवशी बोट माझ्या पायाशी होती. वल्ही आत होती. तो हात हलवत होता, मला दिसत होता. आणि माझे पाय उचललेच नाहीत. कुणीतरी ओरडलं तेव्हा मी हलले. नंतर सगळे विचारायला लागले, तेव्हा तोंडातून निघालं, बोट हळू होती. एवढंच. लोकांनी त्यावरून ठराव केला, समिती केली, हे यंत्र शोधलं. मला वाटलं, कुणीतरी एकजण तरी म्हणेल की हे खोटं आहे. कुणीच म्हटलं नाही."

"काम सोडायचंस."

"कसं सोडू? बाई रोज संध्याकाळी येतात. म्हणतात, तू आहेस म्हणून मी त्या पाण्याकडे बघू शकते."

कप्तानने टोपी काढून हातात घेतली. दोन वर्षे फोटोपुरती मिरवलेली टोपी त्याला एकाएकी जड झाली असावी. तोच मग हळूच म्हणाला, "भीती वाटते हो. मला तर कमरेएवढ्या पाण्यात वाटते."

मावशीने वही उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. पंख्याची एक भरून काढलेली झीज, एक बॅटरी, दोनदा तेल. लपवण्यासारखे काही नव्हते. तिने वही मिटली.

"जुनी घ्यायची," ती म्हणाली. "जुन्याला मी कधी भीत नाही. लपवलेल्याला भिते. त्यावर कोण बसणार, ते मात्र आज इथं ठरणार नाही." मग तिने भाचीचा घामेजलेला हात धरला. "मला राग आलाय तुझा. खूप आलाय. पण मी तुझ्याबरोबर येणार आहे, जिथं जायचंय तिथं."

वारा पडायला आणखी तास गेला. शेवटी लाँचचा भोंगा वाजला. मिस्त्रीने दार उघडले तशी थंड हवा आत आली, आणि सगळे एकामागून एक बाहेर पडले.

लाँचच्या नाकाशी शाळेच्या बाई उभ्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, चेहरा काळजीने ओढलेला. "सगळे बरे आहात ना?" त्या लांबूनच ओरडल्या. "तीन तास धक्क्यावर उभी होते मी. मासोळी, तू बरी आहेस ना गं?"

लाँच चालवणाऱ्या नाखव्याने दोर फेकला. मासोळीने तो झेलला आणि खुंट्याला बांधला. उरलेला दोर तिच्या हातातून सुटून फळ्यांवर पडला, आणि तिने तो गुंडाळला नाही.

"बाई," ती म्हणाली, "बोट हळू नव्हती."

बाईंना आधी नीट ऐकू आले नाही. त्या एक पाय फळीवर टाकून पुढे वाकल्या, आणि मासोळीने तेच पुन्हा सांगितले. मावशीने कुणाचा पाय अडकू नये म्हणून खाली पडलेला दोर उचलला आणि तो हातात धरून भाचीच्या शेजारी उभी राहिली.